वाटेतली हवा

एस्पली, १४ जानेवारी १९६४

प्रिय हेस्टर,

तुझे नाताळचे कार्ड अजून आरशापाशी उभे आहे. ते काढून ठेवायचा दिवस कधीच उलटला, पण एकट्या म्हाताऱ्याला कोण बोलणार? त्यावरचा बर्फ पाहिला की मला सहावीचा वर्ग आठवतो. शेगडी धूर ओकते आहे, निम्मी मुले खोकत आहेत, आणि तू बाकावर उभी राहून दीपस्तंभाची कविता म्हणते आहेस. वादळाचे कडवे आले की सगळी मुले किंचाळायची. तू तिथे आवाज खाली आणलास. तसे मी शिकवले नव्हते. त्या दिवसापासून मी ती कविता तुझ्यासारखीच म्हणतो, हे तुला कधी सांगितले नव्हते.

आता बातमी. तुमच्या प्रयोगशाळेचा तो आग ओळखणारा डोळा आमच्या खाणीत बसला. मॅनेजर ऑर्डसाहेबांनी पाद्रीबुवांना आणि मला मुद्दाम खाली नेले. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या पायथ्याशी तो भिंतीवर बसवला आहे, पावाच्या डब्याएवढा, पुढे एक काळी काच. ऑर्डसाहेबांनी तबकात तेलाचा बोळा पेटवला आणि कंबर सरळ करतात तोच वर घंटा वाजली म्हणून फोन आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या बाबांनी फक्त टोपी काढली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. मॅटी रेनला ओळखणाऱ्यांना यातला मान कळतो.

पट्ट्याशेजारून कंदील घेऊन पाळीभर चालणारी, कुठे पट्ट्याखालचा रोळ तापला, कुठे धूर निघाला हे पाहणारी माणसे आता लागणार नाहीत. मॅटीला वर दिव्यांच्या खोलीत काम मिळाले. शेगडीजवळ बसायचे, दिवे द्यायचे, दिवे घ्यायचे. क्लबात जॉबलिंग त्याला म्हणाला, "पोरीला शिकवलंस आणि तिनं तुझीच नोकरी खाल्ली की रे." मॅटी म्हणाला, "खाऊ दे. लहानपणी ताटातलं काही खायची नाही."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, की त्याच्या छातीतली धूळ आणखी एक हिवाळा खाली काढू देणार नाही. तेव्हा तुझ्या डोळ्याने आधी कुणाला वाचवले असेल, तर तुझ्याच बापाला.

पण तो नेमके काय पाहतो? मला समजेल अशा भाषेत लिही. माझे विज्ञान मेणबत्तीपाशी संपते.

तुझा,
कथबर्ट थर्लवेल


डर्बीशायर, २ फेब्रुवारी १९६४

आदरणीय मास्तर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा फक्त दिव्यांच्या खोलीपर्यंत. बाबांनी मला कार्डावर एवढंच लिहिलं होतं, "नवी जागा. ऊब आहे." त्यांची पत्रं तुम्हाला ठाऊकच आहेत, तारेपेक्षा तोकडी.

मेणबत्तीपासूनच सुरू करते. ज्योतीत आपल्याला जे पिवळं दिसतं ती तापलेली काजळी. तिच्या वर आणि भोवती, जिथं आपल्याला काहीच दिसत नाही, तिथं तापलेले वायू असतात. तेल जळो, कोळसा जळो, वंगण जळो, शेवटी पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होणारच. तापले की हे वायूही प्रकाश टाकतात, पण तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा. आम्ही तो लोलकातून पसरवतो आणि त्याचा वर्णपट काढतो. साधी काच हा प्रकाश गिळते म्हणून आमचा लोलक मिठाचा आहे. दमट हवेत तो धुरकट होतो, म्हणून प्रयोगशाळेत कुणी चहाची किटली आणली तर मारामारीची वेळ येते.

पेन कागदावर रेघ काढत जातं. वाफेची बुटकी टेकाडं येतात, मग सपाट माळ, आणि मग एकदम कार्बन डायऑक्साइडचा सुळका. विजेच्या दिव्याला, उन्हाला, तापलेल्या लोखंडाला असा सुळका नसतो. तुमच्या खाणीतला डोळा फक्त त्या सुळक्याच्या टोकाकडे बघत बसलेला आहे. म्हणून तो विजेच्या दिव्याला फसत नाही.

एक गंमत सांगते. आपल्या भोवतीच्या हवेतही हाच वायू थोडा असतो, आपल्या श्वासातून निघालेलासुद्धा. तो थंड असतो, आणि गरम वायूनं टाकलेला नेमका तोच प्रकाश तो पिऊन टाकतो. मग सुळक्याच्या डोक्यातच खाच पडते. म्हणून मोजण्याआधी ज्योत आणि यंत्र यांच्यामधल्या नळीत कोरडा नायट्रोजन सोडायचा आणि वाट धुऊन घ्यायची, हा इथला पहिला धडा. गेल्या आठवड्यात मी ते विसरले. आमचे साहेब, डॉ. पेल्हम, कागद उजेडात धरून म्हणाले, "मिस रेन, हा सुळका आहे की उंदरानं कुरतडलेला पाव?" सगळे हसले. मीही हसले.

बाबांना सांगा, लीक-कांद्याची रोपं घरात आणा. इथं पाणी गोठतं आहे.

तुमची,
हेस्टर


डर्बीशायर, २५ फेब्रुवारी १९६४

आदरणीय मास्तर,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे.

तो कुरतडलेला कागद टाकून द्यायला काढला होता, पण टाकता येईना. आम्ही इथं वाट धुतो आणि मग सुळका मोजतो. त्या धुतलेल्या सुळक्याचं सगळ्यांत उंच टोक निवडलं आणि डोळ्यापुढची काच, म्हणजे फिल्टर, नेमका त्या टोकासाठी बनवून घेतला. चाचणी घेतली ती टेकडीवरच्या वारा खेळणाऱ्या बोगद्यात. आपल्या खाणीतली हवा कोण धुतं?

पट्ट्याच्या पायथ्याशी, डोळ्याच्या समोरच, जुन्या खोदकामाची बंद केलेली भिंत आहे. बॅरोमीटर उतरला की त्या भिंतीतून मेली हवा झिरपते आणि जमिनीलगत साचते, हे एस्पलीत कोणत्या पोराला ठाऊक नाही? लहानपणी बाबा सांगायचे, अशा दिवशी कंदील खाली धरला की विझतो. मेली हवा म्हणजे दुसरं काय? प्राणवायू गेलेली आणि कार्बन डायऑक्साइड साचलेली थंड हवा. या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. एक घरची, एक इथली. मी त्यांची गाठ कधी घातलीच नाही.

सोमवारी लांब नळीत तशी हवा भरली. एका टोकाला तबक पेटवलं, दुसऱ्या टोकाला एस्पलीत आहे तसाच डोळा ठेवला. नळीच्या झरोक्यातून ज्योत मला दिसत होती. डोळ्याला दिसत नव्हती. घंटा वाजली नाही.

पेल्हमसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मे महिन्यात इथल्या तांत्रिक समितीपुढे ठेवू, तोवर खाणीत वारा पुरेसा असतोच. उपाय आहे. गरम वायूचा सुळका थंड वायूच्या खाचेपेक्षा रुंद असतो. त्याच्या तांबड्या बाजूच्या उताराकडे पाहणारा फिल्टर बसवला तर थंड हवा आड येत नाही. पण तशा काचा नव्यानं बनवून घ्याव्या लागतील.

मला परस्पर ऑर्डसाहेबांना लिहायची परवानगी नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर बुद्धिबळ खेळता. त्यांना सांगा, काचा येईपर्यंत पट्ट्यावर माणूस चालू द्या. दर पाळीला एक तरी. हात जोडून सांगते.

बाबांना यातलं काही कळू देऊ नका. दिव्यांच्या खोलीत बसून उगाच घोर लावून घेतील.

हेस्टर


एस्पली, ९ मार्च १९६४

प्रिय हेस्टर,

तुझे पत्र घेऊन त्याच संध्याकाळी ऑर्डसाहेबांच्या ऑफिसात गेलो. मी धड समजावू शकलो नाही. सुळका म्हटले, खाच म्हटले, मग उंदराचा पावही सांगितला. शेवटी त्यांनी तुझे पत्र माझ्या हातातून घेतले आणि स्वतःच वाचले. वरून विचारतील, यंत्रासाठी इतका खर्च केला आणि माणूसही ठेवलात? आणि उद्या काही झाले तर हेच विचारतील, मुलीने सांगितले होते ना? असे स्वतःशीच दोन्ही बाजूंनी भांडून झाल्यावर त्यांनी होकार दिला. दुपारच्या पाळीला, जेव्हा कोळसा सर्वांत जास्त निघतो, एक माणूस पट्ट्यावर चालेल. बाकी पाळ्यांचे पुढे बघू. माणूस मिळाला आहे. पट्टा ओळखणारा आहे, त्याची काळजी नको.

मी घरी येताना टेकाडाच्या वळणावर थांबलो. तिथून खाणीचे चाक दिसते. तुम्ही मुले शाळा सुटल्यावर त्या वळणावर थांबून चाक फिरताना मोजायचात, आठवते? माणसे घेऊन आत गेलेला प्रत्येक पिंजरा बाहेर येतो की नाही याची तुमची आपली शहानिशा. मला वाटायचे मुले खेळत आहेत. आता वाटते, तो खेळ नव्हता.

लीकची रोपे घरात आहेत. तुझे बाबा ठीक आहेत. तुझ्या आठवणी काढतात.

तुझा,
क. थर्लवेल


डर्बीशायर, ३० मार्च १९६४

आदरणीय मास्तर,

तुमच्या पत्रानं महिन्याभरात पहिल्यांदा झोप लागली. ऑर्डसाहेबांना माझे आभार सांगा, तोंडी, लेखी नको.

नव्या फिल्टरची मागणी मी पेल्हमसाहेबांच्या टेबलावर रोज सकाळी वर आणून ठेवते. ते रोज ती खाली सरकवतात. परवा म्हणाले, "मिस रेन, तुमच्या गावाला आग लागायची घाई आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, आगीला असते." त्यांनी सही केली. काचा बनवणारे म्हणतात मे अखेर.

बाबांचं पत्र आलं. चक्क अर्धं पान. लिहितात, खालून चौथा रोळ कुरकुरतो आहे, ऑर्डला सांगितलं तर तो म्हणतो सुट्टीत बदलू. मला हसू आलं. वर शेगडीपाशी बसूनही खालच्या रोळांची नावं घेत असतात. दिवे परत करायला येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारत असणार. जो कोणी आता तिथं चालतो त्याचा जीव नकोसा करत असतील.

तो माणूस कोण आहे? त्याला एखादी चांगली टोपी पाठवायची आहे. माझ्यामुळे बिचारा त्या ओल्या वाटेवर हिंडतो.

हेस्टर


एस्पली, १२ एप्रिल १९६४

प्रिय हेस्टर,

टोपीची गरज नाही. त्याच्याकडे आहे.

काचा लवकर पाठव. मे अखेर म्हणजे फार लांब वाटते. काच बनवणाऱ्यांना तू स्वतः भेटून आलीस तर? इथे आठवडाभर वारा समुद्राकडून आहे आणि चॅपलमधला बॅरोमीटर खाली खाली चालला आहे. काल पाद्रीबुवा त्यावर बोटाने टकटक करत होते, जणू तो ऐकणार आहे.

मला आणखी लिहायचे होते, पण आज शब्द जमत नाहीत.

क. थ.


डर्बीशायर, ३ मे १९६४

श्री. थर्लवेल यांस,

बाबांच्या दफनाला तुम्ही चॅपलच्या मागच्या बाकावर होतात. मी तुम्हाला पाहिलं. बोलायला आले नाही, कारण तोवर शेजारच्या डिनिंगकाकूंनी मला पाव आणि हॅम वाढता वाढता सांगून टाकलं होतं. त्यांना वाटलं मला माहीतच आहे. "तू लिहिलंस म्हणून तर तो पुन्हा खाली जायला लागला ना, बाळा."

सात आठवडे. तुम्ही मला लिहीत होतात, माणूस मिळाला आहे, पट्टा ओळखणारा आहे, टोपी आहे. मी त्या माणसाच्या जिवावर शांत झोपत होते.

तुम्ही मला वादळात आवाज खाली आणल्याबद्दल शाबासकी दिली होतीत. आज तसं जमणार नाही. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आणि ते इतक्या गोड अक्षरात, की मला शंकासुद्धा आली नाही. बाबांनी रोळाचं लिहिलं तेव्हाही मी हसले. पेन रेघ काढत होतं आणि मी ती वाचलीच नाही.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात चौकशी समिती बसते आहे. पेल्हमसाहेबांनी माझ्यासाठी निवेदन तयार करून ठेवलं आहे. त्यात आहे की यंत्र ज्या परिस्थितीसाठी बनवलं होतं त्या परिस्थितीत ते निर्दोष आहे. शब्द न् शब्द खरा आहे. सही केली तर बाकी खाणींतले डोळे तसेच राहतील, आणि तिथं वर आणलेली माणसं वरच राहतील. त्यांतली बरीचशी बाबांसारखी असतील, छाती गेलेली. सही केली नाही तर ती पुन्हा खाली जातील. मी एकदा हे केलं आहे. काय होतं ते पाहिलं आहे.

मला दोन गोष्टी सांगा, आणि यावेळी कविता नको. त्यांना खाली कुणी पाठवलं? आणि त्या दिवशी खरंच डोळा आंधळा होता, की नुसती तार तुटली होती?

हेस्टर रेन


एस्पली, १० मे १९६४

प्रिय हेस्टर,

जसे घडले तसे लिहितो.

मी ऑर्डसाहेबांच्या ऑफिसात होतो आणि ते तुझे पत्र वाचत होते, तेव्हा मॅटी दिव्यांचा हिशोब द्यायला आत आला. ऑर्डसाहेब म्हणत होते, "माणूस कुठून आणू? पट्ट्यावरची सगळी माणसं मी कोळसा तोडायला लावली." मॅटीने विचारले, काय भानगड आहे? मी विषय बदलायला हवा होता. ऑर्डसाहेबांनीच सांगितले.

तो दाराशी उभा राहिला. मग म्हणाला, "पोरगी म्हणतेय ना आंधळा आहे? मग आहे आंधळा."

ऑर्डसाहेब म्हणाले, "तुझी छाती, मॅटी."

"छातीनं कोण चालतं? पायांनी चालतो."

ऑर्डसाहेबांनी नाही म्हटले, दोनदा म्हटले. मॅटी ऐकेना. म्हणाला, दुसरा कोणी द्याल तर तो डोळ्यावर भरवसा ठेवून कोपऱ्यात बसेल, तिचं म्हणणं खरं मानून चालणारा एस्पलीत मी एकटा आहे. खरे होते ते.

बाहेर आल्यावर फाटकापाशी त्याने माझी बाही धरली. "तिला लिहू नका, मास्तर. बाप खाली गेला असं कळलं तर ती साहेबांपुढे गप्प बसेल. म्हणेल, चुकलं माझं, तेवढं काही नाही. मग सगळ्यांचंच मुसळ केरात. तिला खरं बोलू द्या. मधे मी नको." मी म्हटले, ती मला क्षमा करणार नाही. तो म्हणाला, "नाही करायची. तुम्ही म्हातारे आहात, सोसेल तुम्हाला." आणि हसला, खोकला येईपर्यंत.

हे सारे त्याच्यावर ढकलण्यासाठी लिहीत नाही. लिहायचे की नाही हे माझ्या हातात होते.

आता तुझा दुसरा प्रश्न. तार तुटली नव्हती. वीजवाल्यांनी माझ्यादेखत तपासली, भिंतीसमोरची मेली हवा निवळल्यावर तबक पेटवले, आणि घंटा वाजली. स्वच्छ वाजली. दुसऱ्या कशानेही मला इतका राग आला नव्हता.

त्या दुपारी बॅरोमीटर तळाला होता. कुरकुरणारा रोळ अडकला, वंगण पेटले, त्याखालची भुकटी पेटली. मेली हवा त्या भिंतीसमोर पसरली होती. आग तिच्या वर, पट्ट्याच्या उंचीवर होती, आणि डोळा खालून त्या हवेतूनच तिच्याकडे पाहत होता. वर घंटेच्या खोलीत हिरवा दिवा शांत जळत होता. तिथल्या माणसाने शपथेवर सांगितले आहे.

मॅटीने फोन केला. कोळसा तोडणाऱ्यांबरोबर खाली असलेल्या जॉबलिंगने तो घेतला. मॅटी म्हणाला, "चौथा रोळ पेटलाय, कोळसा तोडणारी माणसं मागच्या वाटेनं काढ. घंटेची वाट बघू नकोस, ती वाजायची नाही." त्याने हे शब्द अगदी सावकाश उच्चारले, असे जॉबलिंग सांगतो. त्याला वाटले मॅटी थट्टा करतो आहे, म्हणून पुन्हा विचारले. मॅटीने पुन्हा सांगितले. त्या पाळीतली सगळी माणसे मागच्या वाटेने बाहेर आली. जॉबलिंगही आला.

पट्ट्याच्या वाटेवर एक मोठे लाकडी दार आहे. ते मिटले तर धूर माणसांच्या मागे जात नाही. पण त्याची खिटी बरेच दिवस तुटलेली होती आणि वाऱ्याने ते उघडत राहते. ते मिटलेले ठेवायचे तर आगीच्या बाजूनेच ओढून धरावे लागते. बचाव पथकाला मॅटी तिथे सापडला, कमरेचा पट्टा दाराच्या कडीतून ओवून, त्यात हात अडकवून बसलेला. चेहरा भाजलेला नव्हता. धुरानेच गेला. हे मी स्वतः पाहिले, कारण ओळख पटवायला मी गेलो होतो. तुला यायला सकाळ होणार होती.

सहीचे तू विचारले नाहीस, म्हणून मी काही सांगत नाही. मी ज्या मुलांना कविता शिकवल्या त्यांतली कितीतरी मुले त्या मागच्या वाटेने बाहेर आली. आणि ज्यांना पुन्हा खाली पाठवावे लागेल तीही कुणाच्या तरी वर्गातली असतील.

तुझा,
कथबर्ट थर्लवेल


डर्बीशायर, ८ जून १९६४

आदरणीय मास्तर,

तुमचं पत्र आल्यावर मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. रागावले होते, अजूनही आहे. पण पत्र घडी करून ठेवताना लक्षात आलं, की बाबांची ती सगळी वाक्यं दुसऱ्या कुणी मला पोचवली नसती.

चौकशी शुक्रवारी संपली. पेल्हमसाहेबांचं निवेदन मी परत केलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तुमचं दुःख ताजं आहे." मी म्हटलं, "कागद फेब्रुवारीचा आहे, साहेब."

समितीपुढे दोन्ही आलेख टांगले, वाट धुऊन काढलेला आणि मेल्या हवेतून काढलेला. अध्यक्षांनी विचारलं, यंत्र निरुपयोगी आहे असं तुमचं म्हणणं आहे का? मी म्हटलं, स्वच्छ हवेत ते माणसापेक्षा चांगलं पाहतं. मग त्यांनी विचारलं, पुढे काय करावं? मी सांगितलं, नव्या काचा बसेपर्यंत जिथं जिथं डोळा आहे तिथं प्रत्येक पाळीला पट्ट्यावर माणूस चालवा.

कामगार संघटनेचे एक वयस्कर गृहस्थ उठले. भांडायला नव्हे. म्हणाले, "बाई, कोण चालणार ते तुम्हाला माहीत आहे ना? धडधाकट माणूस कोळसा तोडायला लागतो. चालायला आम्ही देणार ते खोकणारे."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"तरी सांगता?"

"तरी सांगते."

माझा आवाज चढला नाही, मास्तर. मुद्दाम नव्हे. उरलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी हुकूम निघाला. सगळ्या खाणींना लागू. आमच्या प्रयोगशाळेत काच बनवणाऱ्यांचं पत्र वाट पाहत होतं. मे अखेर तर उलटलीच, आणि एवढ्या खाणींसाठी एवढ्या काचा इतक्यात कशा होणार? ते आता ऑक्टोबर म्हणतात. म्हणजे बॅरोमीटर उतरायचे महिने सुरू झाल्यावर.

सभागृहाच्या पायऱ्यांवर एक मुलगी थांबली होती, माझ्यापेक्षा थोडी लहान. कुठल्या खाणीची ते सांगितलं नाही. तिच्या हातात बापाचा जेवणाचा डबा होता, रिकामा, रुमालात बांधलेला. म्हणाली, "माझे वडील ईस्टरला वर आले होते. कपड्यांना पहिल्यांदाच साबणाचा वास यायला लागला होता."

माझे वडील कोण होते ते तिला ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही. मी सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर तिला मला बोल लावता आला नसता.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"काचा तयार होईपर्यंत."

तिनं मान हलवली, डबा बगलेत धरला आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

हेस्टर